समोरची सतरंजी

"वडील म्हणतायत, समोर कुणी नाही," मी म्हटलं.

"समोर म्हणजे? कुणाच्या समोर?" ठाण्याहून मुलानं विचारलं.

मी बोर्डावरचा खटका खाली केला. "मुलगा विचारतोय, कुणाच्या समोर?"

"माझ्या, बाई. माझ्या समोर," इकडून एक भरदार, म्हातारा आवाज आला. "त्याला म्हणावं, वीस वर्षं झाली, आता पुरे. या रविवारी शेवटचं कीर्तन करतो, उपासना संपली की मंडळीला सांगून टाकतो. आणि पुढच्या आठवड्यात येतो तुझ्याकडं राहायला."

मी खटका वर केला आणि सगळं जसंच्या तसं ठाण्याला पोचवलं. मुलगा खूश झाला. "त्यांना सांगा, मी केव्हापासून म्हणतोय, या. खोली रिकामीच आहे."

"मुलगा म्हणतोय, खोली रिकामीच आहे."

"हं," म्हातारा आवाज म्हणाला. "इथं तरी काय भरलंय?" मग म्हणाला, "हे नका सांगू, बाई. हे मी माझ्याशी बोललो."

मी नाही सांगितलं. तीन मिनिटं झाली, मी कॉल तोडला.

खैरदऱ्याचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली, खोलीत एक लाकडी बोर्ड आणि बोर्डापुढं मी, सुनीती चक्रनारायण, मिरजेहून नुकतीच बदलून आलेली. त्या काळी ट्रंकची लाईन कधी कधी इतकी क्षीण असायची की दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं काही ऐकू जायचं नाही. मधल्या ऑपरेटरला मात्र दोन्हीकडचं येई. मग आम्हीच मधे बसून बोलणं इकडचं तिकडं करायचं. त्या बोर्डावर बसून मी परक्या नवऱ्यांना रागावले आहे, व्याह्यांना टोमणे मारले आहेत, एका म्हशीचं बाळंतपणसुद्धा निभावून नेलं आहे. आमच्या मिरजेच्या सुपरवायझर बाईंनी दोन नियम पाठ करून घेतले होते. ऐकलं ते जसंच्या तसं पुढं द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि लाईनवर ऐकलेलं लाईनवरच सोडून घरी जायचं.

पहिला नियम मी पाळला. दुसरा त्या संध्याकाळी काही केल्या पाळता येईना. भाकरी थापताना कानात तेच. समोर कुणी नाही.

एक तर तो आवाज. आणि दुसरं म्हणजे 'कीर्तन' हा शब्द. माझे वडील कृष्णाकाठच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत फिरायचे आणि सांगायचे ते गाऊन. मी त्यांच्या कीर्तनांतच रांगले, त्यांतच झोपले. आजही नुसतं बोललेलं प्रवचन मला दुपारच्या जेवणापर्यंत पुरतं. गायलेलं मात्र हाडांत जाऊन बसतं. देवानं मला कीर्तनाचं वेड पोतं भरून दिलं आणि गळा द्यायचा तेवढा विसरला. बोलायला आवाज गोड. गायला तोंड उघडलं की सूर शेजारून निघून जातो, वळूनसुद्धा बघत नाही. मिरजेला चर्चच्या गायकवृंदात आमचे मास्तर एकदा माझ्याजवळ आले आणि अगदी प्रेमानं, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "सुनीती, तू फक्त ओठ हलव." तेव्हापासून मी ओठच हलवत आले होते. खैरदऱ्यात आल्यावर इथल्या मंडळीत अजून पाऊल टाकलं नव्हतं ते याच कारणानं. नव्या ठिकाणी पुन्हा ओठ हलवायला सुरुवात करायची, याचा कंटाळा आला होता.

पण शेवटचं कीर्तन, आणि तेही समोर कुणी नसलेलं! रविवारी सकाळी मी इस्त्रीचं पातळ नेसले आणि निघाले.

प्रार्थनामंदिर गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडं. काळ्या दगडाचं, वर पत्रा, दारात कडुनिंब. निंबाला एक शेळी बांधलेली. दाराशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई पदर खोचून उभी होती, लग्नघरातली करवली उभी असते तशी.

"जय ख्रिस्त," मी म्हटलं.

बाईंचे डोळे मोठे झाले. "पुन्यांदा बोला!"

"जय ख्रिस्त. मी नवीन..."

"अवो दाविदभाऊ!" बाईंनी आत बघून हाक मारली. "इकडं या! कोण आलंय बगा! आपली 'नंबर प्लीज' बाई!"

आतून एक बारकेसे गृहस्थ धावत आले. त्यांनी "कोण?" एवढंच विचारलं आणि मीही त्यांना ओळखलं. हे जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. रोज सकाळी "नगरला लावा, लस आली का विचारायचंय," म्हणणारे.

"लस आली का?" मी विचारलं.

"नाही ना आली!" दाविदकाका आनंदानं म्हणाले. "सगुणाबाई, तोच आवाज! काय गोड आवाज आहे बघा. मी घरी म्हणतो सुद्धा, ही बाई जर गायली तर..."

"तर काय, गाणारच," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "असला आवाज काय देवानं नुसता नंबर सांगायला दिलाय व्हय? चला, बाई. आमच्या रांगेत एक जागा कवापासून मोकळी हाय."

मी आत गेले आणि मला पहिल्यांदा समजेचना की काय बघतेय.

मंदिरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरलेल्या, झाडून स्वच्छ केलेल्या, आणि एकीवरही माणूस नाही. आणि पुढं, वेदीजवळचा ओटा माणसांनी असा भरलेला, जणू आठवडी बाजाराच्या दिवशीची एस.टी. एका कडेला पेटी, एका कडेला तबला आणि मधे दाटीवाटीनं सगळी मंडळी. म्हातारे, बाया, पोरं. कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या झांज, कुणाच्या खंजिरी. एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, त्याच्याही मुठीत खुळखुळा.

आणि या सगळ्यांच्या पुढं, ओट्याच्या अगदी काठावर, त्यांच्याकडं पाठ करून एक उंच म्हातारा उभा होता. पांढरा फेटा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. रिकाम्या सतरंज्यांकडं बघत.

मला ढकलत ढकलत सगुणाबाईंनी ओट्यावर चढवलं आणि हातात झांज कोंबली.

"बाई," मी हळूच म्हटलं, "सगळे इथंच? मग खाली कोण बसतं?"

"खाली?" सगुणाबाईंनी मी काहीतरी अशुभ बोलल्यासारखं बघितलं. "खाली ज्याला येत न्हाई त्यो बसतो. अमृतबुवा आले तवा आमच्यात एकालाबी ओळ धरता येत नव्हती. सगळी खाली. बुवांनी नेम केला, ज्याला ओळ आली त्यो वर. मी पयली चढले!" त्यांनी छाती जराशी पुढं काढली. "मग दाविदभाऊ, मग ह्यो, मग ती. पोस्टमास्तर आले तर तीन आठवड्यांत चढले. आता बगा, एकबी ऱ्हायला न्हाई खाली."

"आणि कधी बसावंसं वाटलं तर?"

"आता वर चढल्यावर खाली कशाला बसंन कोण? लोक काय म्हनतील, सगुणाबाई ओळ इसरली?"

मी समोर बघितलं. बुवांच्या फेट्याच्या बाजूनं मला तेच दिसत होतं जे बुवांना दिसत होतं. सतरंज्या, उघडं दार आणि दारातून आत डोकावणारी शेळी. फोनवरचं ते वाक्य मला तेव्हा कळलं. एकेकाला शिकवून शिकवून बुवांनी मंडळी उभी केली होती, आणि ती सगळी त्यांच्या पाठीमागं उभी होती.

बुवा मागं वळले. "झाले का सगळे?"

"झाले, बुवा! आन् एक नवीनबी घावली!" सगुणाबाईंनी मला पुढं केलं. "एक्स्चेंजच्या बाई!"

बुवांनी माझ्याकडं बघितलं. मी नमस्कार केला. त्यांचं गुपित माझ्या तोंडून ठाण्याला गेलेलं. त्यांनाही ते आठवलं असावं. त्यांनी एक क्षण डोळे मिटले आणि बारीक मान हलवली. सांगू नका, असं. मीही मान हलवली. नाही सांगत, अशी.

"आणखी एक वर," ते हळूच म्हणाले. "बरं. प्रभूची इच्छा." आणि पुन्हा सतरंज्यांकडं वळले.

प्रार्थना झाली, शास्त्रपाठ झाला आणि कीर्तन उभं राहिलं. काय सांगू तुम्हाला! असली साथ मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. बुवांनी ओळ सोडायचा अवकाश, ती खाली पडायच्या आत मागून सगळ्यांनी झेललेली. दाविदकाकांची बोटं पेटीवर, सगुणाबाईंची झांज पत्र्याला भिडणारी. मी झांज धरून नुसती हात हलवत होते, एकमेकींना न लावता, आणि ओठ. त्यातलं माझं शिक्षण पक्कं होतं.

पण बुवा? बुवा चुकत काहीच नव्हते. सूर पक्का, ताल पक्का. फक्त ते कुणालाही सांगत नव्हते. रिकाम्या विहिरीत दोर सोडावा तसं ओळीमागून ओळ सोडत होते. एकदा तर "ऐका हो भाविकांनो" म्हणताना त्यांची नजर फिरून फिरून शेवटी शेळीवर स्थिरावली. शेळी रवंथ करत होती. ते तिलाच म्हणाले, "ऐका."

पूर्वरंग संपला. मध्यंतर झालं, दाविदकाकांनी पेटीवर भजनाची चाल धरली, कुणी तरी बुवांना पाण्याचा तांब्या दिला. मी हातातली झांज ओट्यावर ठेवली आणि खाली उतरले. सरळ गेले आणि मधल्या सतरंजीवर, बुवांच्या बरोबर समोर, मांडी घालून बसले.

पेटी थांबली.

"अवो बाई!" सगुणाबाई कुजबुजल्या, पण त्यांची कुजबूज ओढ्यापर्यंत जायची. "तिकडं कुटं? तिकडं पावणे बसत्यात!"

"मी पाहुणीच आहे."

"आता कसली पावणी? झांज दिलीया तुमाला!"

"मला ऐकायचंय," मी म्हटलं. "इथून."

बुवांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, फेटा सारखा केला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि चिपळ्या उचलल्या. त्या माणसाची उंची वीतभर वाढल्यासारखी वाटली.

"बाई," ते मला म्हणाले, "कधी प्रवचनात झोपलाय का?"

"हो, बुवा."

"कुणाच्या?"

"वडिलांच्या."

"वा! खरं बोललात!" बुवा हसले. "मग आजचं आख्यान तुमचंच." आणि त्यांनी सुरुवात केली.

*बैसला खिडकीत युतुख तरुण,*
*दिव्यांच्या धुराने जडले नयन.*
*पौलाचे बोलणे सरता सरेना,*
*झोपेची लाट ती आवरता आवरेना.*

"त्रोवस नावाचं गाव. तिसऱ्या माळ्यावर मंडळी जमलेली. प्रेषित पौल उद्या जायचा, म्हणून आज बोलतोय. किती बोलतोय? अहो, मला लाज वाटावी इतका! आणि हा युतुख खिडकीत बसलाय. आता बाई, तुम्ही सांगा, प्रवचनाला येऊन खिडकीत कोण बसतं?"

"ज्याला लवकर निघायचं असतं तो," मी म्हटलं.

"बरोब्बर! आणि निघाला की नाही लवकर? पण जिन्यानं नाही!"

मी मोठ्यानं हसले. आणि त्याबरोबर ओट्यावरही हसू फुटलं, पण वेगळंच, चाचपडणारं. कारण बुवांनी युतुखाच्या पेंगण्याचा काय चेहरा केला होता तो फक्त मला दिसत होता. बुवांची मान हळूहळू छातीवर आली, दचकून वर गेली, पुन्हा आली, एक डोळा मिटला, दुसरा मिटू का नको विचारत राहिला. मी पोट धरलं. दाविदकाका पेटीमागून वाकून बघायला लागले. तबलजी उजवीकडं झुकला. बुवांनी ओळ सोडली आणि मागं कुणी झेललीच नाही. सगळे माना लांब करून बुवांचं तोंड बघायच्या खटपटीत.

"ओळ!" सगुणाबाई ओरडल्या. सगळ्यांनी गडबडीनं ओळ धरली.

आणि मग बुवांनी आवाज खाली आणला. चिपळ्या थांबवल्या.

"युतुख पडला. लोक ओरडले, मेला. आता पौल काय करील? मोठा माणूस. समोर माडीभर श्रोते. एक पडला म्हणून काय बिघडलं? बाकीचे आहेत की." बुवा माझ्याकडं बघत नव्हते आता, माझ्या वरून कुठंतरी. "पण पौलानं बोलणं अर्धं टाकलं, बाई. आणि जिना उतरला. एकासाठी. तेही झोपलेल्या! त्याला मिठीत घेतलं आणि म्हणाला, घाबरू नका, जीव आहे याच्यात. आणि ज्या स्वामीचं तो सांगत होता, त्या स्वामीनं तरी दुसरं काय केलं? तो तर आकाशाचा जिना उतरला."

*खाली उतरला, स्वामी माझा खाली उतरला,*
*पडल्या एका जिवासाठी खाली उतरला.*

ती ओळ त्यांनी किती वेळा घेतली देव जाणे. प्रत्येक वेळी वेगळी. मागून मंडळी झेलत होती आणि बुवा पुन्हा सोडत होते, आणि आता दोर खाली पाण्याला लागत होता, माझ्याच डोळ्यांतल्या. मला वडील आठवले. रात्रीच्या कीर्तनात मी झोपले की उपरण्यात गुंडाळून खांद्यावर टाकून घरी नेणारे.

आरती झाली. बुवा घामानं चिंब. उपरण्यानं तोंड पुसून ते म्हणाले, "मंडळी, कुणी जाऊ नका. एक सांगायचंय."

मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. नका सांगू. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

पण सगुणाबाई कुणाला आधी बोलू देतील तर! "बुवा, आधी ह्या बाईंचं ठरवू. खाली बसल्या, लाजत्यात बिचाऱ्या. माज्याकडं द्या. तीन आठवड्यांत ओळ बशिवते, चवथ्या रविवारी वर!"

"तीन कशाला?" दाविदकाका म्हणाले. "आवाज तयार आहे. दोन बास झाले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं झांज नको, टाळ द्या. कुणी म्हणालं पहिल्या रांगेत घ्या. सगळे इतके प्रेमानं बोलत होते की राग तरी कुणाचा यावा?

मी बुवांकडं बघितलं. कीर्तन करताना जो माणूस उभा होता तो गेला होता. त्याच्या जागी फोनवरचा म्हातारा आवाज उभा होता. "हो," ते म्हणाले, "बसवा. बसवायलाच पाहिजे. मीच नेम केलाय." आणि मग मंडळीकडं तोंड करून, "तर मी काय सांगत होतो..."

"बुवा, थांबा," मी उठले. "मी आत्ताच गाऊन दाखवते."

"आत्ता?" सगुणाबाई हरखल्या. "बगा! म्हनलं न्हवतं मी?"

दाविदकाकांनी धावत जाऊन पेटी उघडली. "कुठली पट्टी, बाई?"

"कुठलीही द्या," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

मिरजेच्या मास्तरांनी कानात सांगितल्यापासून माझ्या तोंडून चारचौघांत एक सूर बाहेर पडला नव्हता. मनात म्हटलं, प्रभू, तू दिलास तसा घे. आणि डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि पूर्ण आवाजात सोडलं,

"खाली उतरला, स्वामी माझा खाली उतरला..."

मी मुद्दाम वाईट गायले असं कुणी म्हणू नये. अगदी मनापासून, जीव ओतून गायले. मुद्दाम काही करायची गरजच नव्हती.

पहिल्या ओळीला पेटी माझ्यामागं धावली. दाविदकाकांनी एक पट्टी बदलली, मग दुसरी, मग भाता सोडून हात मांडीवर ठेवले. कडेवरच्या तान्ह्यानं ओठ काढले. दारातल्या शेळीनं दाव्याला हिसका दिला आणि निंबाच्या पलीकडच्या बाजूला गेली. मी थांबले नाही. दोन्ही ओळी पुऱ्या केल्या आणि शेवटचा 'उतरला' तर असा लांबवला की तो खरोखरच जिन्यावरून गडगडत गेला.

डोळे उघडले.

"पुन्यांदा..." सगुणाबाई म्हणाल्या आणि लगेच हात वर केला. "नको. नको, ऱ्हाऊ द्या." त्या ओट्यावरून दोन पावलं पुढं आल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "बाई, राग मानू नका. बोलायला काय गोड आवाज हो तुमचा... पर ह्यो गळा..." त्यांनी दाविदकाकांकडं आशेनं बघितलं. "दाविदभाऊ? सा म्हैन्यांत?"

दाविदकाकांनी पेटीचं झाकण लावलं. "जनावरांचं असतं तर काही औषध तरी दिलं असतं," ते पुटपुटले.

"मी कधीच वर येऊ शकणार नाही का हो?" मी विचारलं.

"बाई," सगुणाबाई अगदी माउलीसारख्या म्हणाल्या, "तुमी आपल्या खालीच बसा. येत जा मातर दर रविवारी. खाली बसलं म्हनून काय देवाला ऐकू येत न्हाई?"

एक विचित्र आवाज आला. खोकल्यासारखा. सगळ्यांनी वळून बघितलं. बुवा उपरणं तोंडाला लावून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सगुणाबाईंना वाटलं ते रडतायत; त्या तांब्या घेऊन धावल्या. उपरणं खाली आलं तेव्हा दिसलं की ते हसतायत. हसता हसता डोळे पुसतायत आणि पुन्हा हसतायत.

"बुवा, काय झालं?"

"काही नाही. प्रभूची करणी."

"तुमी काय तरी सांगणार होता नव्हं? कुनी जाऊ नका म्हनला."

बुवांनी माझ्याकडं बघितलं. मी मांडी घालून, हात जुळवून, सतरंजीवर बसले होते, नापास झालेल्या पोरीसारखी.

"मी?" बुवा म्हणाले. "हां. पुढच्या रविवारी जक्कयाचं आख्यान. झाडावर चढून बसलेला तो, प्रभूनं ज्याला 'खाली उतर' म्हटलं. वेळेवर या सगळे."

सोमवारी सकाळी खैरदऱ्याचा बोर्ड नेहमीसारखा जागा झाला. दाविदकाकांनी लस विचारली. नेहमी "ठेवतो" म्हणून ठेवणारे ते आज म्हणाले, "बाई, काल वाईट वाटलं का हो?" मी म्हटलं, "अजिबात नाही." मग बोर्डावर मुथाशेठच्या भुसार दुकानाचा दिवा लागला. परवाचा ठाण्याचा कॉलही याच दुकानातून आला होता.

"नंबर प्लीज."

"ठाण्याला लावा, बाई," तो आवाज म्हणाला. "परवाचाच."

लाईन लागायला अर्धा तास गेला, आणि लागली ती परवापेक्षाही वाईट. मी पुन्हा मधे बसले.

"मुलगा विचारतोय, कुठल्या गाडीनं येताय? स्टेशनवर घ्यायला येतो."

"त्याला म्हणावं, येत नाही."

"वडील म्हणतायत, येत नाही."

"येत नाही? का? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"मुलगा विचारतोय, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत," बुवा म्हणाले. "त्याला म्हणावं, समोर बसायला माणूस मिळालंय. गळा नाही त्या माणसाला, अजिबात नाही. कधी उठून मागं जायचं भ्या नाही. देवाची कृपा आहे. असंच सांगा, बाई. जसंच्या तसं."

मी खटका वर केला. नियम नियम असतो.

"वडील म्हणतायत," मी म्हटलं, "समोर बसायला माणूस मिळालंय. गळा नाही त्या माणसाला. अजिबात नाही. कधी उठून मागं जायचं भ्या नाही. देवाची कृपा आहे."

ठाण्याहून खरखरीतून मुलाचा आवाज आला, गोंधळलेला. "कोण? कोण मिळालंय त्यांना?"

हे खरं म्हणजे मी खटका खाली करून खैरदऱ्याला विचारायला हवं होतं. ऐकलं ते जसंच्या तसं पुढं द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही. आमच्या सुपरवायझर बाईंनी पाठ करून घेतलं होतं.

"मी," मी म्हटलं.